गजाआडचे पेशंट आणि मी

१. राग येतो. खुनाच्या आरोपातला पेशंट समोर येण्याआधी मी त्याची फाईल वाचलेली असते, पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालासकट. त्यानंतर मनात काहीच उमटू नये, अशी माझी आता अपेक्षाही उरलेली नाही. हल्ली सिस्टर, सोशल वर्कर आणि आम्ही डॉक्टर आठवड्यातून एकदा बसतो आणि कोणाची भीती वाटली, कोणाची किळस आली, ते बोलून टाकतो. न बोललेला राग कोर्टाच्या रिपोर्टात कुठल्या वाक्यातून डोकावेल, सांगता येत नाही.

२. उपचार करायचे आणि कोर्टाला अहवालही द्यायचा, या दोन्हींचं ओझं एकाच मनावर येतं. मनोविकाराच्या अवस्थेत केलेल्या कृत्याबद्दलचं दंड संहितेचं कलम 84 गेलं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 22 आलं. प्रश्न तोच राहिला. गुन्ह्याच्या क्षणी आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? मी त्याला भेटते त्यानंतर कित्येक महिन्यांनी. आजार आहे, हे मी खात्रीनं सांगू शकते. त्या क्षणाविषयी मात्र जपून बोलावं लागतं, आणि उलटतपासणीत नेमकं तिथंच बोट ठेवलं जातं. म्हणून पहिल्याच भेटीत सांगते, “तुम्ही जे सांगाल ते मला कोर्टाला कळवावं लागेल.” तरीही माणसं बोलतात. या विश्वासानं मी दर वेळी हलते.

३. बरं होणं नेहमी सुखाचं नसतं, हे या कामानंच मला शिकवलं. बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकारात आपल्याच बाळाचा जीव घेतलेली आई. गोळ्या लागू पडतात, आवाज थांबतात, ती जेवू लागते, वेणी घालते. वॉर्डाला हायसं वाटतं. आणि आपल्या हातून काय घडलं, ते तिला उमगतं ते याच दिवसांत. आजारानं जे झाकलं होतं ते आमच्या औषधानं उघडं केलेलं असतं. तिला एकटं सोडायचं नाही, असा हा काळ. तिची खाट आम्ही सिस्टरच्या टेबलाजवळ आणतो, रात्रीची फेरी वाढवतो. तिच्याशी काय बोलावं, याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. मी नुसती बसते.

४. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं कैद्यालाही उपचारांचा हक्क दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण याच कायद्याप्रमाणे तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही, असा दाखला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तीन महिन्यांनी द्यायचा असतो. गजबजलेल्या तुरुंगात ही सही करणाऱ्या डॉक्टरच्या मनाचा विचार कोणी करायचा?

५. हतबलतेवर मला एकच उतारा सापडला आहे, पाठपुरावा. आसामच्या मचांग लालुंग यांना 1951 मध्ये अटक झाली आणि खटला न चालताच सुटका झाली ती 2005 मध्ये. मधली बरीच वर्षं ते मनोरुग्णालयात होते. हे वाचल्यापासून ‘खटल्यासाठी सक्षम’ असा दाखला लिहून माझं काम संपत नाही. पुढची तारीख लागली का, कोर्टात न्यायला पोलिसांची कैदी पार्टी आली का, वकील आहे का, हे मी विचारत राहते. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला स्वतः फोन लावते.