मनाच्या आजाराचे निदान कसे करतात?



पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी ओझर हे गाव आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे देऊळ येथेच आहे. संकष्टीला येथे भाविकांची रीघ लागते. प्रत्येकाचे विघ्न निराळे असते. कोणाचा जमिनीचा दावा कोर्टात अडकलेला असतो, कोणाच्या टोमॅटोला भाव मिळालेला नसतो, तर कोणाच्या घरात आजारपण असते. परंतु एक विघ्न असे आहे की, त्याविषयी घरची माणसे मोठ्याने बोलत नाहीत. ते म्हणजे घरातील कोणाचे तरी मन आजारी असणे.

ताप आला तर आपण डॉक्टरांकडे जातो. ते तपासतात आणि आजाराचे नाव सांगतात. यालाच निदान म्हणतात. मग मनाच्या आजाराचे निदान कसे होते? मन काही नाडीसारखे हाताला लागत नाही! या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका काल्पनिक मुलाची गोष्ट घेऊ. त्याला दत्तू म्हणू.

एकाच दिवशी चार निदाने

दत्तू ओझरचा, इयत्ता दहावीत शिकणारा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचे वागणे बदलले. तो खेळायला येईना. रात्री झोप लागेना. जेवण निम्म्यावर आले. शाळा चुकवून तो नदीकाठी एकटाच बसू लागला. आईने फारच खोदून विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "वर्गातली मुले माझ्याबद्दल बोलतात. मी गेलो की गप्प होतात."

आजी म्हणाली, "पोराला नजर लागली." चुलते म्हणाले, "कसली नजर? अभ्यास टाळायची सोंगे आहेत." शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बाहेरची बाधा दिसते, देवऋषाला दाखवा." आणि वर्गातल्या मुलांनी तर केव्हाच ठरवून टाकले होते की, दत्तू वेडा झाला!

पाहा, एकाच दिवशी चार निदाने झाली. यांतील एकानेही दत्तूला नीट विचारले नव्हते की त्याचे सगळे ऐकून घेतले नव्हते. गुरुजींनी मात्र दत्तूच्या वडिलांना सांगितले, "आपण अंदाज कशाला बांधायचा? डॉक्टरांना दाखवू या." वडिलांनी ते ऐकले.

रक्तात दिसत नाही, मग कशात दिसते?

हिवतापाचे जंतू रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. उदासीनता, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया (म्हणजे छिन्नमनस्कता) यांचे निदान मात्र केवळ रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून करता येईल, अशी चाचणी आजही उपलब्ध नाही.

तरीसुद्धा डॉक्टर दत्तूचे रक्त तपासायला पाठवतात. का बरे? गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तरी माणूस सुस्त आणि उदास होतो. रक्तक्षयाने थकवा येतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मनावर परिणाम होऊ शकतो. म्हणून शरीराचा आजार मनाच्या आजाराचे रूप घेऊन आलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते.

त्यानंतरचे मुख्य साधन म्हणजे पद्धतशीर विचारपूस आणि निरीक्षण. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी एकट्याशी बोलतात, घरच्यांशी वेगळे बोलतात, आणि चार प्रश्नांची उत्तरे शोधतात:

१. कोणकोणती लक्षणे एकत्र दिसतात?
२. ती किती काळ टिकून आहेत?
३. झोप, जेवण, शाळा, काम, नातीगोती यांत त्यांमुळे किती अडथळा आला आहे?
४. शरीराचा आजार, नशा, औषधे, जवळच्या माणसाचा मृत्यू असे दुसरे काही कारण आहे काय?

उदासीनतेचे उदाहरण घेऊ. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून दोन दिवस वाईट वाटणे हा आजार नव्हे. पण मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक बदलणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशी एकूण किमान पाच लक्षणे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली आणि त्यांनी रोजचे जगणे अडवले, तर तज्ज्ञ उदासीनतेच्या विकाराचा विचार करतात.

ही यादी वाचून स्वतःला किंवा मित्राला मोजू नका बरे का! यादी सर्वांना वाचता येते, पण 'थकवा' किती म्हणजे थकवा हे ठरवायला शिक्षण आणि अनुभव लागतो.

खोडदच्या दुर्बिणीचा धडा

ओझरपासून फार दूर नाही असे नारायणगाव, आणि त्याच्याजवळचे खोडद तुम्हाला ठाऊक असेल. तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपतात. परंतु तबकडीला विजेच्या तारांची, मोबाइल फोनची, यंत्रांची खरखरही ऐकू येते. आलेखावर एक टोक वर गेले की शास्त्रज्ञ लगेच "नवा तारा सापडला" असे म्हणत नाहीत. ते विचारतात: हे पुन्हा पुन्हा येते काय? ठराविक आकृतिबंधात येते काय? जवळच्या कशाची खरखर तर नव्हे?

मनोविकारतज्ज्ञाची रीत पुष्कळशी अशीच आहे. एक वाईट दिवस, एक भांडण, एक विचित्र बोलणे हे आलेखावरचे एकुलते एक टोक झाले. निदान होते ते टिकून राहिलेल्या आकृतिबंधाचे.

डॉक्टरांचेच मतभेद होतात तेव्हा

ही शिस्त आपोआप आलेली नाही. १९६०च्या दशकात असे दिसून आले की, न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी अधिक वेळा होते. न्यूयॉर्कच्या हवेत असे काय होते? संशोधकांनी दोन्ही शहरांतील रुग्णांना एकच ठरलेली प्रश्नावली लावून तपासले, आणि तो फरक बहुतांशी नाहीसा झाला! फरक रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या निदान करण्याच्या सवयींत होता.

त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची पाहणी हाती घेतली. भारतातील केंद्र आग्रा हे होते. एकाच पद्धतीने तपासल्यावर सर्व केंद्रांत या आजाराचे सारखी लक्षणे असलेले रुग्ण आढळले. अशा कामांमुळे निदानाचे नियम स्पष्ट लिहून काढण्याला जोर आला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०मध्ये असे नियम देणारी पुस्तिका काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली आहे.

मात्र ही पुस्तकेही माणसांनीच लिहिलेली आहेत. समलिंगी आकर्षणाला एके काळी त्यांत मनोविकार म्हटले होते. ती चूक अमेरिकन पुस्तिकेतून १९७३मध्ये आणि जागतिक वर्गीकरणातून १९९०मध्ये दुरुस्त झाली. चूक कळली की दुरुस्त करणे हा विज्ञानाचा धर्मच आहे.

अंगात येणे हा आजार आहे काय?

तुम्ही जत्रेत पाहिले असेल, हलगी वाजू लागली की कोणाच्या अंगात येते. थोड्या वेळाने ती व्यक्ती शांत होते, घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी शेतात कामाला लागते. याला मनोविकार म्हणावे काय? जागतिक वर्गीकरण सांगते की, नाही. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा तो भाग असेल, तर केवळ तेवढ्यावरून आजार ठरत नाही. पण तीच अवस्था इच्छेविरुद्ध, वेळीअवेळी येऊ लागली, तिच्यामुळे त्या व्यक्तीला त्रास होऊ लागला, काम आणि नाती बिघडू लागली, तर मात्र ती तज्ज्ञांना दाखवण्याची बाब होते. वागणे तेच, पण निदान वेगळे. म्हणून निदान करणाऱ्याला रुग्णाची भाषा, रीतिरिवाज आणि गाव हेही समजावे लागते.

उशिराची किंमत

'बाधा' म्हणून चुकीचे नाव दिले, तर नुसता वेळच जातो असे नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवण्याची खाजगी आश्रयस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांतील एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा बळी गेला.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. २०१८पासून अंमलात आलेल्या केंद्राच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. हाच कायदा निदानाविषयी एक फार महत्त्वाची गोष्ट सांगतो. मनोविकार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच. कोणाची जात, गरिबी, राजकीय मते, किंवा तो समाजाच्या समजुतींप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

स्किझोफ्रेनियात रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, पुरावा दाखवूनही न हटणाऱ्या चुकीच्या समजुती मनात घर करतात. उपचारास जितका उशीर, तितके सावरणे अवघड, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मूळचे धुळे भागातले प्रा. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवीत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. तो लपवून न ठेवता त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला, आणि याच विषयावरील 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने पडद्यावर आला.

हे आजार विरळा आहेत असेही समजू नका. २०१५–१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्य उपचारांविना होते.

दत्तूचे काय झाले?

आता आपल्या दत्तूकडे परत येऊ. "मुले माझ्याबद्दल बोलतात," हे त्याचे वाक्य आठवते ना? ऐकणाऱ्याला वाटेल, हा तर संशयाचा आजार! डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी विचारले, "बाळ, कोणी नसतानाही आवाज ऐकू येतात का?" दत्तू म्हणाला, "नाही." मग त्यांनी गुरुजींना बोलावून घेतले आणि विचारले, "वर्गात खरोखर काय चालते?"

गुरुजींनी मान खाली घातली. "मुले याला वेडा म्हणतात, डॉक्टर. हा आला की गप्प बसतात. माझ्याही हे उशिराच लक्षात आले."

म्हणजे दत्तूचे म्हणणे शब्दशः खरे होते! तो भ्रम नव्हता. रक्ताच्या तपासणीत दोष निघाला नाही. सहा आठवड्यांची खिन्नता, झोप, भूक, शाळा, खेळ हे सगळे जोडून पाहिल्यावर निदान झाले ते उदासीनतेच्या विकाराचे. उदासीनता आधी आली, म्हणून तो एकटा राहू लागला. एकटा राहतो म्हणून मुलांनी त्याला वेडा ठरवले, आणि त्या शब्दाने आजार आणखी वाढला. समुपदेशन सुरू झाले. गरज पडली तर औषधाचाही विचार करू, असे डॉक्टर म्हणाले. गुरुजींनी वर्गाशी बोलायचे काम स्वतःकडे घेतले. दत्तू काही आठवड्यांनी शाळेत येऊ लागला. अजून तो पूर्वीसारखा दिवसभर हसत नाही, पण खेळायला येतो.

पाहा, शिक्का आणि निदान यांत केवढे अंतर आहे! 'वेडा' या शब्दाने वर्गाचे दार बंद केले. 'उदासीनता' या निदानाने उपचाराची दिशा दाखवली.

तुम्ही काय कराल?

१. मित्राचे वागणे बदलले तर नाव ठेवू नका. "काय झाले रे? सांगावेसे वाटले तर मी आहे," असे म्हणा आणि ऐकून घ्या.
२. कोणी जीव देण्याची भाषा केली तर ते गुपित ठेवू नका. त्याला एकटे सोडू नका आणि विश्वासातील मोठ्या माणसाला त्याच क्षणी सांगा.
३. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे.
४. देवाला नमस्कार अवश्य करा. पण नजर काढली, नवस बोलला, म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका, हे घरच्यांनाही समजावून सांगा.

करून पाहा

आठवडाभर आपल्या वर्गात, घरात, एसटीत 'वेडा', 'येडपट', 'सायको' हे शब्द किती वेळा कानी पडतात ते वहीत टिपा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. प्रत्येक वेळी त्या शब्दाच्या जागी, त्या माणसाने प्रत्यक्षात काय केले होते, ते एका साध्या वाक्यात लिहा. शनिवारी ती वाक्ये वर्गात वाचा आणि त्यांतील किती वाक्यांत आजाराचा काही संबंध होता यावर शिक्षकांसह चर्चा करा.