पंख्याआधी भिंत

चि. बाळ,

पाडव्याच्या आत गोठ्याला दोन मोठे एक्झॉस्ट पंखे बसवायचं तू मनावर घेतलंस, असं ताईकडून कळलं. विसार अजून देऊ नकोस. पंखा नको असं माझं म्हणणं नाही, तुझ्या गोठ्याला तो लागणारच. पण लागेल तो एकच, आणि त्याआधी पश्चिमेची भिंत फोडावी लागेल.

एरवी मी कुणाला गोठ्यात एक्झॉस्ट लावायला सांगत नाही. दोन्ही अंगांनी उघड्या गोठ्यात हा पंखा जवळच्या मोकळ्या बाजूची हवा घेतो आणि तीच बाहेर टाकतो; पलीकडच्या दावणीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे रुंदीच्या दर १० फुटांमागे २ इंच या हिशेबाने आढ्याला फट ठेवावी, गरम हवा आपोआप वर निघून जाते. तुझी अडचण वेगळी आहे. दक्षिणेला चुलत्यांच्या घराची भिंत, उत्तरेला कडब्याची खोली. लांबीच्या दोन्ही बाजू बंद, मोकळी फक्त दोन टोकं. असा गोठा पंख्यानेच हवेशीर होईल.

तू पाठवलेली मापं घेऊन बसलो. ६० बाय ३०, सरासरी उंची १२, म्हणजे २१,६०० घनफूट हवा. ५० इंची, दीड हॉर्सपॉवरचा पंखा मिनिटाला २५ हजार घनफूट हवा फेकतो असं दुकानदार सांगेल. तो खोटं बोलत नाही, पण तो आकडा पुढेमागे काहीच आडवं नसतानाचा. झडपा, जाळी आणि पात्यांवरची धूळ जमेस धरली की हाती २० हजार धर. उन्हाळ्यात मोठ्या जनावरामागे मिनिटाला १ हजार घनफूट हवा धरतात. तुझ्या १४ गायी आणि ४ कालवडींचं एका पंख्यात भागतं, आणि गोठ्यातली हवा जवळजवळ मिनिटाला एकदा बदलते.

पण २० हजार घनफूट बाहेर जायची तर तेवढी आत यायलाही हवी. हजार घनफुटांमागे अडीच चौरस फूट वाट लागते, म्हणजे तुला ५० चौरस फूट. आज पश्चिमेला तुझ्या दोन बाय दोनच्या दोनच खिडक्या आहेत. आठ चौरस फूट! त्यावर तू दोन पंखे लावणार. पंखे गुरगुरतील, पट्टे झिजतील, दार उघडायला जोर लागेल आणि बिल दुप्पट येईल. हवा मात्र आहे तेवढीच फिरेल.

म्हणून पश्चिमेच्या भिंतीत २० फूट लांब, अडीच फूट उंच पट्टा उघड. पावसाळ्यात वारा-पाऊस त्याच अंगाने येतो, तेव्हा वर रुंद छज्जा आणि गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा हवाच. पंखा पूर्वेच्या भिंतीत बसव. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी त्याला झुंजावं लागणार नाही, आणि तिकडे उकिरडाच आहे, कुणाचं अंगण नाही. पंख्याजवळच्या खिडक्या तो चालू असताना बंद ठेव. कडब्याच्या खोलीचं दार आणि पत्र्याखालच्या फटीही बुजव, नाहीतर हवा जवळच्या वाटेने येऊन तशीच निघून जाईल. पंखा सुरू झाल्यावर पेटती उदबत्ती घेऊन एकेका गायीच्या तोंडाशी उभा राहा. धूर पूर्वेकडे वाहायला हवा. तो जिथे घुटमळेल तिथे अजून काम बाकी आहे असं समज.

एक भ्रम आत्ताच काढून टाक. हवा बदलणं आणि अंगाला वारा लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या गोठ्याचा छेद ३६० चौरस फुटांचा. त्यातून २० हजार घनफूट हवा गेली तरी तिचा वेग सेकंदाला एक फूटही होत नाही. त्याने शेणा-मुताचा वास जाईल, दमटपणा जाईल, पण एप्रिलच्या दुपारी गाय गार होणार नाही. तुझ्या होल्स्टीन गायींचं मूळ हॉलंड आणि उत्तर जर्मनीच्या थंड किनारपट्टीत, खिल्लारसारखं ऊन त्यांना सोसत नाही. त्यात एकेक दुभती गाय हजार वॅटच्या शेगडीइतकी उष्णता सोडत उभी असते. त्यासाठी दावणीवर अंगाला वारा मारणारे साधे पंखे तिरके टांग. दुसऱ्या एक्झॉस्टचे पैसे तिथे घाल. आणि फॉगर घ्यायचं मनात असेल तर वाऱ्याशिवाय ते चालवू नकोस, बंद गोठ्यात नुसती वाफ कोंडते.

गायीला त्रास होतोय की नाही हे थर्मामीटरआधी तिची कूस सांगते. अर्धा मिनिट श्वास मोज आणि दुप्पट कर. ६०च्या वर गेले की तिला ऊन लागतंय. तोंड उघडं टाकून लाळ गाळेपर्यंत वाट पाहू नये. थंडीत उलटं होतं. ऊब राहावी म्हणून आपण सगळं गच्च बंद करतो, आणि पहाटे पत्र्याखालून थेंब गळू लागतात. ती थंडी नव्हे, कोंडलेला श्वास. अशा दिवशी गव्हाणीपाशी गायीच्या नाकाच्या उंचीवर बसून बघ, डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. टायमर लावून पंखा थोडा थोडा वेळ चालव, आणि आत येणारी गार हवा वासरांच्या अंगावर थेट पडू देऊ नकोस.

आता विजेचं. मी मोटारी गुंडाळण्यात आयुष्य घालवलं, म्हणून इथे जरा कडक बोलतो. शेतीपंपाच्या लाइनवर हा पंखा जोडायचा नाही. ती वीज पाळीपाळीने येते, आणि तुला भर दुपारी पंखा हवा. मोटार पूर्ण बंद आवरणाची घे, कडब्याची धूळ आत शिरली की ती जळते आणि शेजारीच तुझा कडबा रचलेला आहे. थ्री फेज असेल तर स्टार्टरला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवेतच. एक फेज गेली की मोटार घुमत राहते आणि बघता बघता जळते.

अर्थिंगवर मात्र एक पैसाही वाचवू नकोस. ओली जमीन, लोखंडी दावण, आणि चार पाय लांब अंतरावर टेकलेलं जनावर. आपल्याला नुसती झिणझिणी येईल एवढ्या व्होल्टेजने गाय मरू शकते. पंख्याची चौकट, दावणीचा पाइप, पाण्याच्या हौदाचं लोखंड हे सगळं एकत्र बांधून अर्थला जोड. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसव आणि महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून बघ. एखादी गाय पाण्याला तोंड लावताच मागे सरू लागली तर ती हट्टी झाली असं समजू नकोस, आधी वायरिंग तपास.

दिवसाला दहा तास पंखा चालला तर बारा-तेरा युनिटं जातील. पाती आणि झडपा दर पंधरवड्याला, मेन स्विच बंद करून, पुसायच्या. पट्ट्याचा ताण आणि चौकटीचे नटबोल्टही तेव्हाच बघायचे. धूळ साचलेली झडप अर्धीच उघडते.

वीज गेली की पंख्याजवळच्या खिडक्या आणि दोन्ही टोकांची दारं उघडायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव, आईलासुद्धा. तू शेतावर असताना ते काम तिच्यावरच पडणार आहे.

गवंड्याला या आठवड्यात बोलाव. भिंत उघडली की मापासकट फोटो पाठव, मग कोणता पंखा घ्यायचा ते मी दुकानदाराशी बोलतो. वायरिंग परवाना असलेल्याच वायरमनकडून करून घे. विसार त्यानंतर.

तुझा,
मामा