नुसते सिनेमे बघून मार्क मिळतात का?

प्रश्न : मुलीला आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत ‘फिल्म’ विषय घ्यायचाय. घेऊ द्यावा का?

उत्तर : इंजिनीअरिंगचा विचार असेल तर नको. सहाव्या विषयाच्या जागी फिल्म आली, की फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही सहसा घेता येत नाहीत. तसं नसेल तर जरूर घेऊ द्या.

लेखी परीक्षा नाही म्हणून विषय सोपा समजू नका. चित्रपटातला जास्तीत जास्त 5 मिनिटांचा तुकडा घेऊन 1,750 शब्दांत त्याची चिरफाड करायची असते : कॅमेरा इथेच का, कट तिथेच का, आवाज काय सांगतो. शिवाय भिन्न सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या दोन चित्रपटांची तुलना, तीही 10 मिनिटांच्या व्हिडिओतून. ‘कोर्ट’ (2014) आणि ‘बायसिकल थीव्ज’ (1948) ही जोडी मी सुचवेन. हायर लेव्हलला गटानं 7 मिनिटांपर्यंतचा लघुपट करायचा; त्याला तब्बल 35 टक्के गुण. भांडणं होतील, होऊ द्या. सिनेमा एकट्यानं होत नाही हे तिथेच कळतं.

आणि विषय नाही मिळाला तरी हरकत नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शनाला कोणत्याही शाखेची पदवी चालते.