सोलर पॅनेल घेताना शिक्का कसा तपासावा?

सूत घेताना आपण नुसता काटा पाहत नाही. पावसाळ्यात तेच सूत जड भरते. म्हणून कापसाच्या सुताच्या कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरून हिशेब होतो. सोलर पॅनेलवरच्या वॅटच्या आकड्याचेही असेच आहे. ५४० वॅट म्हणजे प्रयोगशाळेत, दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश असताना मिळालेला आकडा. मे महिन्यात पत्र्यावर सेल ६० अंशांवर गेले, तर दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्का घट धरून १२ ते १४ टक्के वीज कमी मिळणार. ही लबाडी नव्हे, त्यावरून दुकानदाराशी तंटा करू नये.

लबाडी वेगळ्या ठिकाणी असते. आमच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्या भाईंनी स्वस्तात पॅनेल घेतले. दलालाने सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवली, शिक्का खरा होता. दोन पावसाळ्यांत काचेच्या आत पाणी शिरले, तेव्हा कागद नीट वाचला. त्यावरचा मॉडेल नंबर पॅनेलवर नव्हताच! पैसे बुडाले.

भारतात २०१७ च्या सरकारी आदेशाने पॅनेलची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची केली. २०२५ मध्ये त्या जागी नवा आदेश आला. नोंदणी कंपनीच्या नावाला सरसकट मिळत नाही. ती ठराविक कारखान्याला, ठराविक मॉडेलांसाठी असते. पॅनेलच्या लेबलवर ब्युरोची खूण, मानकाचा क्रमांक (आय.एस. १४२८६, सुरक्षिततेसाठी आय.एस./आय.ई.सी. ६१७३०) आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घातला की नोंदणी कोणाची आहे ते कळते.

या मानकाच्या चाचण्या कडक आहेत. पॅनेल उणे ४० ते ८५ अंशांत २०० वेळा गार-गरम करतात. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के दमट हवेत १००० तास ठेवतात. भाईंचे पॅनेल बहुधा इथेच नापास झाले असते. २५ मिलिमीटरची बर्फाची गोळी ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने काचेवर मारतात. मात्र हे सारे मोजक्या नमुन्यांवर होते. एका तुकड्याच्या नमुन्यावरून सगळी गाठ पास धरण्यासारखेच ते. म्हणून शिक्का म्हणजे पंचवीस वर्षांची हमी नव्हे. हमीचा कागद कंपनीकडून वेगळा घ्यावा.

माल उतरवून घेताना बिलावर मॉडेल नंबर, ‘आर’ क्रमांक आणि प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर लिहून घ्या. सिरियल नंबर बहुधा काचेच्या आतही असतो; तो मागच्या लेबलशी जुळवा, आणि जुळला नाही तर गाडी तशीच परत पाठवा.