परस्त्री मातेसमान : हे व्रत डोळ्यांपाशी राखावे

गळ्यात तुळशीची माळ घालताना जी व्रते आपण पत्करतो, त्यांत परस्त्री मातेसमान मानण्याचे एक व्रत आहे. मद्यमांस ताटात दिसते, ते दूर सारता येते. एकादशी पंचांगात लिहिलेली असते. हे व्रत मात्र केव्हा मोडू लागले ते मोडणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

मागे एक माळकरी गृहस्थ आमच्याकडे आले. आषाढी न चुकवणारा माणूस. खाली मान घालून म्हणाले, "महाराज, माळ उतरवून ठेवू का?" हकीकत अशी की, कामाच्या ठिकाणी एका विवाहित बाईंशी ओळख झाली, पुढे मोबाईलवर रात्री-अपरात्री बोलणे सुरू झाले. "अजून वाईट असं काही घडलेलं नाही," ते म्हणाले. आम्ही विचारले, "मग घरी लपवता का?" त्यावर ते गप्प झाले.

जे लपवावेसे वाटते, तिथे पाऊल वाकडे पडू लागलेच म्हणून समजावे.

हे संकट काही एका पंथाचे नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथात दावीद राजाची कथा आहे. सैन्य लढाईवर गेले आणि राजा मात्र नगरात राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना स्नान करणारी एक स्त्री त्याला दिसली. दिसली यात दोष नव्हता. पण त्याने चौकशी केली. ती आपल्याच शिपायाची, उरीयाची, बायको आहे हे कळूनही तिला बोलावून घेतले. मग ते झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या तोंडाशी उभा करून मारविले. एका नजरेची मजल कुठवर गेली पाहा! पुढे नाथान नावाच्या संदेष्ट्याने कानउघाडणी केली, राजाने पश्चात्ताप केला. परंतु उरीया काही परत आला नाही. आणि नाथानाने बोल लावला तो राजाला, त्या बाईला नव्हे. हे पुरुषांनी नीट ध्यानात ठेवावे. आपल्या मनाचा दोष बाईमाणसावर ढकलू नये.

येशूनेही शिष्यांना हेच सांगितले की, परस्त्रीकडे कामबुद्धीने पाहिले की मनात व्यभिचार घडून चुकला. त्याच ग्रंथातला योसेफ पाहा. परमुलखात विकला गेलेला तरुण, धन्याची बायको त्याच्या मागे लागली. शेवटी तिने वस्त्र धरले, तेव्हा ते तिच्या हाती सोडून तो पळाला. खोटा आळ आला, तुरुंग भोगला, पण मन राखले. आपल्याकडे तुकोबांची कथा परंपरा सांगते. त्यांना मोहात पाडू पाहणारी स्त्री आली, तिला त्यांनी रखुमाईच्या ठिकाणी मानले आणि आई म्हणून परत पाठवले. योसेफ पळाला, तुकोबांनी आई म्हटले. वाटा दोन, पण दोघांनीही मोहाशी बोलत बसण्याचे टाळले. आपण तिथेच फसतो. "मी नाही बुवा घसरायचा," असे म्हणत काठावर उभे राहतो.

तेव्हा प्रपंची माणसाने काय करावे? नजर वळेल, तिला परत फिरवावी. दुसऱ्यांदा वळवू नये. नको तो एकांत धरू नये, आणि मोबाईलवरचे बोलणे हाही एकांतच आहे. मन ओढ घेऊ लागले तर दिंडीतल्या एखाद्या जाणत्या सोबत्याला वेळीच सांगावे. सांगितल्याने लाज जाते असे वाटते, पण खरे तर ती राहते. आणि घरी बोलावे. परक्या बाईला "जेवलात का?" म्हणून विचारणाऱ्याने आपल्या कारभारणीला ते शेवटचे केव्हा विचारले? वारीला निघताना घरदार, गुरेढोरे तिच्यावर टाकून आपण निर्धास्त चालतो. तिनेही तसेच आपल्याविषयी निर्धास्त असावे, हा तिचा हक्क आहे.

त्या गृहस्थांना आम्ही म्हणालो, "माळ काढू नका, ते बोलणं बंद करा. आणि आज घरी जाऊन खरं काय ते सांगा." ते म्हणाले, "ती रागावेल." आम्ही म्हणालो, "रागावू द्या. तो राग सोसणं हेच तुमचं प्रायश्चित्त."

पुढच्या आषाढीला ते वाळवंटात भेटले. गळ्यात माळ होती. शेजारी बाई उभ्या होत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. आम्ही काही विचारले नाही. दोघांनी एकदमच वाकून नमस्कार केला.

रामकृष्णहरि!