भाजल्यावर गार पाणीच का?

मे महिन्यातली दुपार होती. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू पाळणाघर चालवतात. सव्वाचारच्या सुमारास खालून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून मी धावत गेलो. चौदा महिन्यांच्या एका मुलाने टेबलावरचा कपडा ओढला होता आणि कडेला ठेवलेला चहाचा पेला त्याच्या हातावर व छातीवर उपडा झाला होता. चहा नुकताच ओतलेला होता. काकूंनी पोराला छातीशी धरले होते आणि 'टूथपेस्ट आणा, टूथपेस्ट!' असे त्या ओरडत होत्या. मी फ्रिजमधून बर्फ काढून आणला. वीस वर्षे मी महाविद्यालयात उष्णता हा विषय शिकवतो आहे. तरी त्या क्षणी मला बर्फच सुचला, आणि तो चुकीचा होता.

योग्य गोष्ट केली ती काकूंच्या नववीतल्या भाचीने. शाळेत गाइडच्या पथकात ती प्रथमोपचार शिकली होती. तिने मुलाचा भिजलेला सदरा उतरवला, मनगटातले कडे काढले आणि नळ सोडला. गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली. नळाला ऊन पाणी येत होते. तिने धार आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिली, नळ बंद केला, न्हाणीघरात सकाळी भरून ठेवलेली बादली ओढली आणि तांब्याने हळूहळू भाजलेल्या जागेवर पाणी सोडायला सुरुवात केली. बादली संपत आली तेव्हा माठ रिकामा केला. घड्याळ पाहून वीस मिनिटे!

तिने हे का केले, आणि बर्फ व टूथपेस्ट का चालली नसती, याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेच्या प्रकरणात आहे. ते आज पाहू.

किती तापमान, किती वेळ?

त्वचा भाजणे हे केवळ तापमानावर अवलंबून नसते. ते तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की ४४ अंश सेल्सिअसला त्वचेला इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात. तेथून ५१ अंशांपर्यंत तापमान एकेका अंशाने वाढले, की लागणारा वेळ साधारणपणे निम्मा होत जातो. ६० अंशांना प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते आणि ७० अंशांना सुमारे एका सेकंदात. नुकता ओतलेला चहा ७० ते ८० अंशांच्या घरात असतो. म्हणजे आपण धावत पोहोचण्यापूर्वीच इजेला सुरुवात झालेली असते. मग पाणी कशासाठी?

सांडलेला चहा निघून गेला, तरी उष्णता निघून गेलेली नसते, म्हणून. १०० ग्रॅम चहा ८० अंशांवरून ४० अंशांवर आला, तर तो ४००० कॅलरी उष्णता देतो. यातली बरीच हवेत व जमिनीवर जाते, परंतु काही कपड्यात आणि काही त्वचेत साठते. ओला गरम कपडा अंगाला चिकटून राहिला, तर तो चटका देतच राहतो. म्हणून पहिले काम कपडा काढण्याचे. तो कातडीला चिकटला असेल, तर मात्र ओढू नये. त्याच्यावरूनच पाणी सोडावे.

उष्णता आत शिरते

त्वचा उष्णतेची मंदवाहक आहे. तांब्याच्या मानाने तिची वाहकता सुमारे हजारपटीने कमी भरते. त्यामुळे वरच्या थरात शिरलेली उष्णता झटकन पसरत नाही, सावकाश आत झिरपते. उष्णता जितकी खोल जायची, तिच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. शरीराच्या ऊतींमध्ये १ मिलिमीटर खोलीला स्थूलमानाने १० सेकंद लागतात, असे धरू. मग २ मिलिमीटरला ४० सेकंद आणि ४ मिलिमीटरला १६० सेकंद. म्हणजे वरून सारे शांत झालेले दिसले, तरी आत उष्णतेचा प्रवास चालूच असतो. लहान मुलाची त्वचा मोठ्यांच्या मानाने पातळ असते. खोली निम्मी, तर वेळ चौथा हिस्सा! म्हणूनच मोठ्या माणसाला नुसता चटका बसेल अशा चहाने मूल खोलवर भाजू शकते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर घरी मोठ्यांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. सारख्या आकाराचे तीन उकडलेले गरम बटाटे घ्या. पहिल्यावर अर्धा मिनिट पाण्याची धार सोडा, दुसऱ्यावर पाच मिनिटे, आणि तिसऱ्याला टूथपेस्टचा जाड लेप द्या. पहिला बटाटा पुसून हातात घ्या, गार लागेल. दोन मिनिटे थांबून पुन्हा हात लावा. तो पुन्हा गरम लागेल, कारण आतली उष्णता बाहेर आली. दुसऱ्याचे व तिसऱ्याचे काय होते, ते स्वतःच पाहून वहीत लिहा.

पाणीच का?

पाण्याची विशिष्ट उष्णता बहुतेक पदार्थांपेक्षा जास्त आहे. तेलाची तिच्या सुमारे निम्मी, आणि तेलाची वाहकताही पाण्याहून बरीच कमी. त्यामुळे तेल, तूप वा टूथपेस्ट यांचा थर उष्णता नेत नाही. उलट तो गोधडीसारखा तिला आत कोंडतो. शिवाय डॉक्टरांना जखम पाहण्यापूर्वी तो खरवडून काढावा लागतो. शाई आणि हळद यांचेही तेच. त्यांच्या रंगाखाली जखमेची खोली कळत नाही.

पाणी वाहते हवे, हेही महत्त्वाचे. स्थिर पाण्याचा त्वचेलगतचा थर स्वतःच तापतो आणि मग उष्णता घेण्याचे त्याचे काम मंदावते. वाहत्या पाण्यात हा थर सतत बदलतो. धार बारीक पुरे. मिनिटाला एक लिटर धरले, तर वीस मिनिटांना वीस लिटर, म्हणजे साधारण दीड बादली. पाण्याची टंचाई असलेल्या गावातही एवढे जमवता येते. तेही नसेल, तर ओली फडकी वारंवार बदलावीत.

मग बर्फ का नको? एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. आधीच दुखावलेल्या पेशींना हा दुसरा घाव होतो. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, जखमेचा रक्तपुरवठा घटतो आणि इजा वाढू शकते. आपल्याला त्वचा गोठवायची नसून गार करायची आहे.

वीस मिनिटे हा आकडा मात्र निव्वळ वरच्या गणितातून आलेला नाही. ऊती त्याआधीच गार होतात. पण गार राहिल्यामुळे वेदना, सूज आणि त्यानंतर होणारी पेशींची हानी कमी होते, असे प्रयोगांत व रुग्णांवरील अनुभवात दिसून आले आहे. उशीर झाला तरी हात टेकू नका. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत या उपायाचा उपयोग होतो.

जखम गार, मूल उबदार

१० किलो वजनाच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मीटर असते. म्हणजे दर किलोला ५०० चौरस सेंटिमीटर. ६० किलोच्या माणसाला ते दर किलोला सुमारे २७५ भरते. उष्णता पृष्ठभागातून जाते, म्हणून मूल लवकर गारठते. तेव्हा पाणी फक्त भाजलेल्या जागेवर सोडावे आणि बाकीचे अंग कोरड्या पंचात गुंडाळावे. मूल थरथरू लागले किंवा मलूल झाले, तर पाणी थांबवावे. भाचीने काकूंना हेच सांगितले होते: 'मावशी, पाय झाकून घे त्याचे.'

त्यानंतर जागेवर स्वच्छ, धागे न सुटणारे सुती कापड सैलसर ठेवावे. फोड फोडू नयेत. सूज येण्यापूर्वी कडे, वाळे, करदोटा काढून ठेवावा.

मुलाच्या स्वतःच्या बोटांसकट तळव्याएवढे क्षेत्र म्हणजे त्याच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. भाजलेली जागा त्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रिये भाजली असतील, कातडी पांढरी वा काळी पडली असेल, किंवा वीज अथवा रसायनाने भाजले असेल, तर रुग्णालयात नेलेच पाहिजे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत जखम लहान वाटली तरी डॉक्टरांना दाखवावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

शेवटचे निरीक्षण

पाणी चालू असतानाच काकूंनी मुलाच्या आईला दूरध्वनी करायला घेतला आणि त्या थबकल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'सर, त्यानंच ओढला म्हणून सांगू का?' ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी क्रमांक फिरवला आणि म्हणाल्या, 'ताई, गरम चहा मी कडेला ठेवला होता. बाळाच्या हातावर सांडलाय. पाणी घालतोय. तुम्ही थेट दवाखान्यात या.'

प्रयोगवहीत आपण जे झाले तेच लिहितो, हवे ते नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिले प्रश्न विचारले ते असे: काय सांडले, किती वाजता, कपडे केव्हा काढले, पाणी किती वेळ घातले, आणखी काही लावले का? भाचीने हे सारे एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. सारवासारव केली असती, तर यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे चुकली असती आणि त्यावर ठरणारे उपचारही. आई रागावली, आणि तिने रागवायलाच हवे होते. हात व छाती दोन आठवड्यांत भरून आली. पुढच्या महिन्यात मूल पुन्हा पाळणाघरात येऊ लागले. टेबलावर आता कपडा नसतो, आणि मुले जागी असताना काकू चहा ओट्यावर उभ्यानेच पितात.

तुमच्यासाठी प्रश्न

१. बादलीत ९० अंशांचे ३ लिटर पाणी आहे. बाळाच्या आंघोळीसाठी ते ३८ अंशांवर आणायचे, तर २५ अंशांचे किती पाणी लागेल? (उत्तर : १२ लिटर)

२. बादलीत आधी गरम पाणी ओतावे की गार? मूल जवळपास असताना कोणता क्रम सुरक्षित, आणि का?

३. माठातले पाणी गार का असते? भाजलेल्या जागेसाठी ते बर्फापेक्षा योग्य का, हे चार वाक्यांत लिहा.