ब्रोशरवरचं एआय आणि वर्गातलं एआय

बारावीचा निकाल लागला की नांदेड, लातूर, उदगीरकडून पालक मुलांच्या फायली घेऊन हैदराबादेत उतरतात. काचीगुड्याला नातेवाइकांकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजांच्या फेऱ्या. प्रश्न ठरलेला: "नुसतं कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की एआय-एमएलवालं?" माझं म्हणणं एवढंच, शाखेच्या नावावर जाऊ नका. त्या कॉलेजात शिकवताना आणि परीक्षा घेताना एआयचं काय करतात, ते आधी पाहा.

नावात दम असतो कधीकधी. संगारेड्डीजवळ कंदीला असलेल्या आयआयटी हैदराबादने 2019 मध्ये देशातला एआयचा पहिला बीटेक सुरू केला, तोही अवघ्या 20 जागांचा. गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीत तर चॅटजीपीटीचं नावही नव्हतं तेव्हापासून भारतीय भाषांच्या यंत्रानुवादावर काम चालू आहे. जुन्याच अभ्यासक्रमावर नवी पाटी लावणाऱ्यांचं तसं नाही. तिथे लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी कोण शिकवतं, एवढं विचारलं तरी अंदाज येतो. गणित कच्चं ठेवून एआय येत नाही.

गणितासारखाच भाषेचाही अडसर असतो, आणि तो जुना आहे. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमातून. पाठ्यपुस्तकं उर्दूत आणायला निजाम सरकारने भाषांतराचं स्वतंत्र खातंच काढलं होतं. मराठवाड्यातून तिथे गेलेल्या पोराला मात्र विषयाच्या आधी उर्दूशी झगडावं लागे. आज तिच्या जागी इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी चुकेल या धास्तीने वर्गात शंका विचारत नाही. तीच रात्री होस्टेलवर चॅटजीपीटीला मराठीत विचारते, "पॉइंटर म्हणजे काय? सोपं करून सांग." नाही कळलं तर पुन्हा विचारते, हसणारं कोणी नसतं. एआयचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हा आहे.

घोळ होतो तो असाइनमेंटपाशी. प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतला, चालला, मार्क मिळाले. मग व्हायव्हाला परीक्षक विचारतात, "या रिकर्शनमधली थांबायची अट काढली तर काय होईल?" मुलगा गप्प. उत्तर एका ओळीचं आहे: फंक्शन स्वतःलाच बोलावत राहील आणि स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळेल. ज्याने धडपडत का होईना स्वतः लिहिलं, त्याने तो कोसळताना पाहिलेला असतो. कंपनीच्या मुलाखतीतही याच्याच आसपासचे प्रश्न येतात, आणि तिथे फेरपरीक्षा नसते.

विद्यापीठांचीही पंचाईत झाली आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातलं 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हे नियम उचललेल्या मजकुरासाठी आहेत, एआय तर दरवेळी नवा मजकूर लिहून देतं. ते ओळखणारी सॉफ्टवेअरही भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी पडल्यामुळे 2023 मध्ये काही महिन्यांत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले अर्ध्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले. म्हणजे साध्यासुध्या इंग्रजीत प्रामाणिकपणे लिहिणारी आपली मुलंच आधी संशयात सापडायची. म्हणून मुलांनो, कच्चे मसुदे, वहीतली टिपणं, फाइलच्या जुन्या आवृत्त्या टाकून देऊ नका. आरोप झालाच तर तोच पुरावा. आणि आधार कार्ड, मार्क्स मेमो असलं काही चॅटबॉटला देऊ नका.

पालकहो, कॉलेज पाहायला जाल तेव्हा लॅबमधल्या चकचकीत कॉम्प्युटरांपुढे फोटो काढण्याआधी विभागप्रमुखांना दोन गोष्टी विचारा: एआयच्या वापराचे लेखी नियम आहेत का, आणि असाइनमेंटवर तोंडी प्रश्न विचारता का? दोन्हींना बगल देऊन ते पॅकेजचे आकडे सांगू लागले, तर फी भरायची घाई करू नका.